शंभर जीव, पाच वाजेपर्यंत

‘काही करू नका हं,’ असं बजावून जे पाहुणे येतात, त्यांच्यासाठीच सगळ्यात जास्त करावं लागतं. एवढी जगरहाटी मला कळते. त्यामुळे गुरुवारी दुपारी भाचीने फोन करून, ‘आत्या, उद्या मोजणी आहे, मागच्या कोपऱ्यात तू काहीही करू नकोस,’ असं निक्षून सांगितलं, तेव्हा मी ‘बरं बाई’ म्हटलं, फोन ठेवला आणि खराटा उचलला.

मी या बागेची मुकादम. शहराच्या ऐन मध्यात, चारी बाजूंनी वाहतूक आणि मधे आमची बाग. हाताखाली पाच माळी आणि एक पंपवाला. एकतीस वर्षं झाली. ‘आमच्या बाई तण मुळासकट काढतात,’ असं साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. त्यांच्या खुर्चीमागे सर्वांत स्वच्छ बागेच्या पाच ढाली टांगल्या आहेत, ओळीने पाच वर्षांच्या. ढालींवर नाव बागेचं आहे, पण त्यांच्यासाठी कंबर माझी मोडली.

या सगळ्या टापटिपीत एकच जागा माझं नाक कापायची, ती म्हणजे पंपाच्या खोलीमागचा कोपरा. एका बाजूला रस्त्याकडची उंच भिंत, गाड्यांच्या धुराने काळवंडलेली. दुसऱ्या बाजूला शेजारच्या इमारतीची पाठ, तिच्यावरून एसी टपकतात. पंपाचा पाइप बारा महिने गळतो. रस्त्यावरचा दिवा भिंतीवरून आत वाकून बघतो. कोणाचं लक्ष नाही म्हणून तिथे वाट्टेल ते उगवायचं आणि वाट्टेल ते राहायला यायचं. साहेबांना तिथे सहा गाड्यांचं पार्किंग करायचं होतं आणि खरं सांगते, दोन वर्षांपूर्वी मला त्यात काही वावगं वाटलं नसतं.

पण दोन वर्षांपूर्वी भाची तिथे येऊन पोटावर झोपली. किड्यामुंग्यांचं आणि झाडपाल्याचं शिकलेली ही माझ्या भावाची मुलगी. ‘एवढं शिकून पोरगी सरपटायला लागली,’ असं भाऊ म्हणतो. दर रविवारी ती यायची, हातात वही, गळ्यात कॅमेरा, आणि कोपऱ्यात आडवी. दुपारी मी डबा घेऊन गेले की ती तोंडातल्या घासासकट मला काहीतरी दाखवायची. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण तिचा चेहरा बघायला मी जायचे.

तिनेच खटपट करून मुख्य कार्यालयातून ही मोजणी मिळवली होती. नियम सोपा होता. एका दिवसात, सकाळी सहा ते संध्याकाळी पाच, कोपऱ्यात आपलं आपण आलेले शंभर प्रकारचे जीव सापडले, तर दहा वर्षं तिथे कोणी फावडं लावायचं नाही. एक जरी कमी पडला, तर सोमवारी सिमेंट.

आता मला सांगा, एकतीस वर्षांत माझ्या बागेत जी जी तपासणी आली, ती स्वच्छतेची. तपासणीला माणूस येणार म्हटलं की आधी झाडायचं, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. कोपरा लखलखीत दिसला तर तिथे गाड्या लावायची कोणाची हिंमत होईल, असा माझा साधा हिशेब. गुरुवारी चार तास मी राबले. पालापाचोळा झाडला. कुजका ओंडका ढकलत बाहेर नेला. जाळी-जळमटं काढली. तण वेचलं. भिंत तारेच्या ब्रशने घासली, माझा हात पोचेल तिथपर्यंत. शेवटी कडेकडेने चुन्याची पांढरी रेघ मारली आणि सगळा कचरा पाचच्या गाडीत भरून दिला. घरी जाताना दोनदा वळून पाहिलं, इतका तो देखणा दिसत होता.

शुक्रवारी सहाला भाची आली. चुन्याच्या रेघेपाशी थबकली.

‘आत्या,’ ती म्हणाली.

‘कसा दिसतोय?’

ती मटकन खाली बसली. ‘आत्या, मागच्या रविवारी इथे एकशे सदतीस प्रकार होते गं.’

‘मग बरंच झालं की. आता मोजायला सोपं जाईल.’

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर मी चार शब्द परत केले असते, आमच्या घरात तशी पद्धतच आहे. पण ती ओरडली नाही. हळू आवाजात तिने सांगितलं, पाचोळ्यात बावीस होते, ओंडक्यात एकोणीस, भिंतीच्या शेवाळात नऊ, आणि तण म्हणजे तर अर्धी यादी. तेव्हा कुठे मला कळलं. मी तिची दोन वर्षं कचऱ्याच्या गाडीत भरून दिली होती, आणि वर गाडीवाल्याला ‘जरा दाबून भर’ असंही सांगितलं होतं.

तेवढ्यात मोजणीवाले सर आले. निवृत्त प्राध्यापक, काटकुळे, डोक्यावर टोपी, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग. त्यांच्या मागोमाग साहेबांची गाडी आली आणि थेट कोपऱ्यातच उभी राहिली, जणू पार्किंगचं उद्घाटनच. साहेब उतरले. ताडमाड उंच माणूस, अंगात कडक पांढरा सदरा.

‘वा बाई, वा!’ ते म्हणाले. ‘ही खरी तुमची बाग. सर, इथे काय मोजणार तुम्ही? नाश्ता करून निघू या.’

पंपवाला माझा पडलेला चेहरा बघून पुढे झाला. ‘सर, कालचा कचरा परत आणला तर?’

‘बाहेरून आणलेलं धरत नाही,’ सर म्हणाले.

‘मग आम्हाला धरा. मी, मुकादमबाई, ताई, साहेब. झाले चार.’

‘चार नव्हे, एकच प्रकार. आणि माणूस धरत नाही. त्याने आधीच पुष्कळ जागा धरली आहे.’ सरांनी घड्याळ बघितलं, वही उघडली आणि वर आकडा लिहिला, शून्य.

दिव्याच्या खांबावर एक कावळा येऊन बसला. भाचीने डोळे पुसले. ‘एक,’ ती म्हणाली.

साळुंकी, दोन. खार, तीन. पंपाच्या खोलीच्या झरोक्यात चिमणीचं घरटं, चार. सर शिडीवर चढले आणि हसत उतरले. घरट्यात गवताबरोबर सिगारेटची थोटकं विणलेली होती. भाची म्हणाली, थोटकांच्या वासाने पिसवा दूर राहतात, म्हणून शहरातल्या चिमण्या ती वेचून आणतात. मी रोज सकाळी बाकांखालची थोटकं वेचते आणि शिव्या घालते. आता कळलं की माझ्या आधी कोणीतरी पाळी करून जातं.

‘तरीही एक पिसू आहे,’ सर वहीत लिहिता लिहिता म्हणाले. ‘पाच.’

मग एक इवला पक्षी कुंपणावर बसून इतक्या चिरक्या आवाजात गायला लागला की साहेबांनी कान चोळले. ‘हा असा काय ओरडतो?’

‘खालच्या पट्टीतला आवाज गाड्यांच्या घरघरीत बुडतो,’ भाची म्हणाली. ‘म्हणून शहरातले पक्षी पट्टी चढवून गातात. नाहीतर बायकोला ऐकू कसं जाणार?’

‘आमच्याकडे पट्टी चढवूनही जात नाही,’ पंपवाला म्हणाला. सर हसले, पण पेन थांबलं नाही. सहा.

भाचीचा आवाज आता जरा मोकळा झाला होता. ‘आत्या, तू जमीन झाडलीस, पण शहर काही जमिनीवरच राहत नाही,’ ती म्हणाली आणि माझा हात धरून मला फटीफटींतून हिंडवायला लागली. एसीच्या ठिबकीखाली नखाएवढं नेचं होतं, त्याच्या पानामागे तिळाएवढी गोगलगाय. गळक्या पाइपाच्या वाकणात बेडूक, अगदी पगारी नोकरासारखा बसलेला. दिव्याच्या खांबावर तीन प्रकारचे कोळी, कारण रात्री उजेडाला किडे येतात आणि जेवण दारात मिळतं. पालसुद्धा तिथेच. पायरीच्या फटीत, जिथे माझं खुरपं शिरत नाही, तिथे पिवळ्या फुलाचं एक रोप. भाची म्हणाली, रानात असल्या झाडांचं बी वाऱ्यावर लांब उडतं. शहरात उडालं तर डांबरावर पडून मरतं. म्हणून फटीतल्या झाडांचं बी पिढ्यान्‌पिढ्या जड होत जातं आणि आईच्या पायाशीच पडतं.

‘माझी आईही तेच म्हणायची,’ मी म्हटलं, ‘लांब देऊ नका पोरीला. कोणी ऐकलं?’

दहा वाजता चौतीस. सर वहीत भराभर लिहीत होते आणि मला उगीचच हसू फुटत होतं. एकतीस वर्षं मी याच जागेतून गेले आणि माझ्या डोळ्यांदेखत इतकं बिऱ्हाड नांदत होतं! भाडं नाही, करार नाही, आणि सगळे आपापल्या मजल्यावर सुखाने.

पंपवाल्याला मात्र घाम फुटला होता. भाची मीटरच्या पेटीकडे वळली तसा तो आडवा आला. ‘ती नको, ताई. तिथे करंट आहे.’

‘नुसतं बघते.’

‘बघूच नका ना.’

खाई त्याला खवखवे. शेवटी त्याने पेटी उघडली. आत मुठीएवढं कागदी पोळं होतं आणि त्यावर गांधीलमाश्या. सहा महिन्यांपासून होत्या, हे त्याने कबूल केलं. मीटर वाचायला येणाऱ्या माणसाला तो दर वेळी आकडा तोंडीच सांगायचा. ‘त्या मला काही करत नाहीत, मी त्यांना काही करत नाही,’ तो म्हणाला. ‘असं माझं घरीसुद्धा नाही.’

पस्तीस.

साहेब गाडीला टेकून फोनवर बोलत होते. अकराच्या सुमाराला त्यांनी फोन छातीशी धरला आणि खाकरले. ‘ते टायरापाशी जे चाललंय ते धरलंत का?’ टायरापाशी मुंगळ्यांची रांग होती. सरांनी वाकून पाहिलं. ‘नव्हतं धरलं. धन्यवाद.’ साहेब लगेच म्हणाले, ‘माझं काही नाही, मी आपलं सहज विचारलं.’ पण त्यानंतर त्यांनी तो फोन काही कानाला लावला नाही.

दुपारी बारा वाजता साठ. साहेबांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. एक वाजता अडुसष्ट. साहेब पंपवाल्याशी भांडत होते की ही माशी मघाचीच आहे की दुसरी. दोन वाजता सत्याहत्तर. साहेबांच्या पायांत बूट नव्हते. ‘बुटांनी जीव मरतात,’ ते मला म्हणाले, जणू मीच बूट घालायला सांगितले होते. आम्ही जेवलो ते उभ्याउभ्या, आणि माझ्या डब्याच्या झाकणावर बसलेल्या एका हिरव्या तुडतुड्याचा ठसठशीत अठ्ठ्याहत्तर झाला.

मग सगळं थांबलं. एक्क्याऐंशीवर गाडी अडली ती अडलीच. पावणेतीन, तीन, सव्वातीन. सगळ्या फटी बघून झाल्या होत्या. सर दर खेपेला भिंग लावायचे आणि मान हलवायचे, ‘हा झाला आहे.’ भाची माझ्या घासलेल्या, झाडलेल्या, गुळगुळीत जमिनीच्या मधोमध उभी होती. ती मला एका शब्दाने बोलली नाही आणि तेच मला सोसवेना.

कारण मला माहीत होतं, त्या जमिनीत बोटभर खाली काय आहे ते.

आता लाज सोडून सांगते. गेली दोन वर्षं माझे गुडघे गेले आहेत. उकिडवं बसून, टाचा रोवून, मुळाशी हात घालून ओढायचं म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणून मी एक युक्ती काढली होती. वाकायचं, मातीला बोट लावून मनगटाला झटका द्यायचा, वरचं वर खुडायचं आणि पायाने माती सारायची. तीन दिवसांनी कोंब वर यायच्या आत पुन्हा खुडायचं. कोणाला पत्ता नाही. पाचांतल्या शेवटच्या दोन ढाली या झटक्यावर मिळाल्या होत्या.

सांगणार कोणाला? माझ्या आधीच्या मुकादमांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांना तिकिटाच्या खिडकीत बसवलं. त्या खिडकीतून माणसाचे फक्त हात दिसतात. वर्षभर ते हात बघत बसले आणि मग नोकरी सोडून गेले. मी त्या खिडकीत गेले असते तर आठवड्यात वेडी झाले असते. म्हणून अळीमिळी गुपचिळी.

भाचीने वही मिटली. मिटताना तिने वरून हात फिरवला, बस्स, तेवढंच केलं.

‘सर,’ मी म्हटलं, ‘मुळाला जीव असतो ना?’

‘म्हणजे?’

‘वरचं खुडलं पण खाली मूळ जिवंत आहे, तर धरता का?’

‘जागेवर जिवंत असेल आणि ओळखता आलं, तर धरतो. पण तुम्ही तर मुळासकट काढता ना?’

सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबसुद्धा, अनवाणी, गुडघ्यांना माती लागलेली.

‘नाही काढत,’ मी म्हटलं. ‘दोन वर्षं झाली. गुडघे चालत नाहीत. नुसतं वरून खुडते. साहेब, तुम्ही लोकांना जे सांगता ना, ते खोटं आहे. इथे सगळं आहे. फक्त वरून दिसत नाही.’

साहेब पुढे आले. ‘दोन वर्षं? म्हणजे त्या दोन ढाली?’

‘त्या काढून ठेवा. पण आता मला खुरपं द्या, वेळ चाललाय.’

भाचीने खुरपं दिलं, पण सोडलं नाही. ‘आत्या, गुडघे कधीपासून? मला का नाही सांगितलंस?’

‘मागाहून भांड,’ मी म्हटलं.

मी जमिनीवर सरळ बसकण मारली, पाय पसरून, लहान पोर बसतं तशी, आणि उकरलं. पहिल्याच घावाला काळ्या गाठींची माळ वर आली. ‘लव्हाळा. हुंगून बघा, अत्तर आहे.’ सरांनी हुंगलं आणि मान डोलावली. मग पांढरं, सांध्यासांध्यांचं. ‘हरळी. हिला मारायचं असेल तर हिच्या सात पिढ्यांना मारावं लागतं.’ मग इवल्या कांद्यांचा घोस. ‘आंबुशी.’ मग जाड, बोटाएवढं. ‘पुनर्नवा. नावातच हट्ट आहे बघा.’

‘बाई, थांबा,’ सर म्हणाले. ‘नुसत्या मुळावरून तुम्ही कसं सांगता?’

‘एकतीस वर्षं यांच्याशी वैर केलंय, सर. घरच्यांना मी इतकं ओळखत नाही.’

त्यांना पटेना. मग त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि एकेक मूळ हातात दिलं. मी चाचपून, हुंगून सांगत गेले, भाची तिच्या रविवारच्या फोटोंशी आणि मुळावरच्या कोंबाशी ताडून बघत गेली. दुधी. घोळ. एका मुळाला खाली, मातीतच, पांढुरकी कळी होती. ‘केना,’ मी डोळे मिटूनच म्हटलं. ‘हा लबाड जमिनीच्या आतसुद्धा फुलतो. मी वरची फुलं खुडत राहिले आणि हा खाली गुपचूप संसार करत बसला.’

भाची जोरात हसली. दिवसभरात पहिल्यांदा. ‘बरोबर आहे, सर! अगदी बरोबर आहे!’

मला तर आनंदाने चक्कर यायची बाकी होती. पंपवाला उकरत होता, साहेब माती चाळत होते, भाची ओरडत होती, सर लिहीत होते. मुळं झाली अकरा. त्यांच्याबरोबर वर आलं ते वेगळं. गांडूळ. गोम. पांढरी, गुंडाळलेली भुंग्याची अळी, जी साहेबांनी ओंजळीत धरली आणि कोणाला देईनात. लाल मुंग्या, मघाच्या नव्हेत त्या. टुणकन उडालेलं काहीतरी, ज्याच्यामागे सर या वयात चार पावलं पळाले. ब्याण्णव, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव.

चार पस्तीसला नव्व्याण्णव झाले.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. पंचवीस मिनिटं होती. आता कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पंपवाला शिडीवर, भाची पोटावर, मी बसल्या जागी सरकत सरकत, आणि प्रत्येकाच्या तोंडी ‘हा झाला का? तो झाला का?’ एवढंच. चार पंचेचाळीस. सर टोपीने वारा घेत होते आणि घड्याळाकडे बघायचं टाळत होते. मी मनातल्या मनात त्या मेल्या खराट्याला, त्या चुन्याला आणि स्वतःला नावं ठेवत होते.

साहेब दमून भिंतीला टेकले. भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात वर रोवून, कपाळ विटांना लावून. माझा हात पोचत नव्हता तिथे त्यांचं नाक होतं. बराच वेळ ते तसेच राहिले.

‘बाई,’ ते एकदम दबक्या आवाजात म्हणाले, ‘या भिंतीला मिशा आहेत.’

‘साहेब, ऊन लागलं तुम्हाला. बसा खाली.’

‘अहो, मिशा आहेत! हलतायत! सर! सर, शिडी आणा!’

सर शिडीवर चढले. भिंग लावलं. आम्हा खालच्यांना नुसती काजळी धरलेली वीट दिसत होती. मग त्या विटेचा एक तुकडा किंचित उघडला आणि मिटला. तो पतंग होता. भिंतीसारखाच धुरकट काळा, इतका हुबेहूब, की दिवसभर आम्ही पाच माणसं त्याच्या खालून गेलो होतो.

‘उजळ रंगाचे पक्ष्यांनी टिपले, काळे राहिले,’ भाची कुजबुजली. ‘धुरात असंच होतं. हा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.’

‘नवीन,’ सर म्हणाले. ‘शंभर. चार वाजून बावन्न मिनिटं.’

‘शंभर!’ साहेब ओरडले आणि त्यांनी पंपवाल्याला चक्क उचललं. ‘मला सापडला! मी सांगितलं ना, मिशा आहेत! शंभर!’ पंपवालाही ओरडत होता, भाची माझ्या गळ्यात पडली होती, मी रडत होते की हसत होते ते मला अजून सांगता येणार नाही. चिखलाने माखलेले आम्ही सगळे त्या कोपऱ्यात वारं प्यालेल्या वासरांसारखे नाचत होतो. मी बसल्या बसल्या.

मग साहेबांनी पंपवाल्याला हळूच खाली ठेवलं. त्यांची नजर गाडीवर गेली. चेहऱ्यावरून एकेक रंग उतरत गेला आणि आमचा आरडाओरडा आपोआप विरला.

सरांनी वही पुढे केली. ‘शंभरावा जीव कोणी शोधला, तिथे नाव लागतं. आणि खाली बागेचे अधिकारी म्हणून सही. दोन्ही तुमच्याच.’

साहेबांनी पेन घेतलं. वेळ होती चार छप्पन. ‘मी म्हटलं असतं की मला मिशा दिसल्या नाहीत, तर?’

‘तर नव्व्याण्णव,’ सर म्हणाले.

भाचीने माझा हात घट्ट धरला. साहेब वर बघत उभे राहिले. त्यांचा तो कडक सदरा आता भिंतीच्या रंगाचा झाला होता.

‘शाळेत माझं नाव कधी कुठल्या यादीत आलं नाही,’ ते म्हणाले. ‘नाव जरा मोठ्या अक्षरात लिहिलं तर चालेल ना?’

आणि त्यांनी लिहिलं, सही केली, बूट हातात घेतले आणि माझ्याकडे वळले. ‘बाई, गुडघ्यांचं उद्या बघू.’ मला कळलं ते काय म्हणाले ते. भाची तिथेच त्यांच्याशी भांडायला उठली, मी तिला ओढून खाली बसवलं. तिचा कोपरा वाचला होता, आणखी काय हवं? पण रात्री अंथरुणावर मला राहून राहून ती खिडकीच दिसत होती, आणि हातच हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी कोपऱ्यात उभी होते, हाताची घडी घालून. इथे खुरप्याला हात लावायचा नाही, अशी मोजणीवाल्या सरांची मला आता लेखी ताकीद होती. फाटकातून साहेब चालत येताना दिसले. गाडी नव्हती. दोन गल्ल्या पलीकडे लावावी लागली म्हणे. ते कार्यालयाकडे वळलेच नाहीत. सरळ माझ्याकडे आले, खिशातून एक लिफाफा काढला आणि हातातच धरून भिंतीकडे बघायला लागले.

‘कुठंय?’ ते म्हणाले.

‘काय?’

‘माझा.’

भिंतीवर कालच्या जागी काही नव्हतं. रात्री तो उडाला असणार, पतंगच तो. साहेब टाचा उंचावून विटेन्‌वीट बघत होते आणि त्यांचा चेहरा पाहवेना. मीही बघायला लागले. काल दिवसभरात माझ्या डोळ्यांना काय सवय लागली होती कोण जाणे, पण पाच-सहा विटा सोडून, दिव्याच्या सावलीत, मला एक वीट जरा जास्तच नीट बसलेली दिसली.

‘तिकडे बघा. त्या तारेच्या खाली.’

त्यांनी बघितलं. मिशा हलल्या. ‘हाच का? कालचाच?’

‘हाच,’ मी म्हटलं. कालचा होता की त्याचा भाऊ होता, देव जाणे.

साहेब बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी लिफाफ्याची चौपदरी घडी घातली आणि तो खिशात कोंबला. ‘खिडकीचं पत्र होतं,’ ते म्हणाले. ‘पण तुम्ही खिडकीत बसलात तर मला हा रोज कोण शोधून देणार? एक उंच स्टूल मागवतो, इथेच बसा. कोणाला काही उपटू देऊ नका.’ आणि दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाले, ‘उद्या रविवार आहे, पण मी येईन. भाचीला सांगा, माझ्याआधी बघायचं नाही.’